दहाव्याचा दोरा

घाटावर अकरा कावळे होते आणि एकही खाली येत नव्हता.

मी मोजले होते. दुसरं करणार काय? मार्चमधलं साडेअकराचं ऊन. खालच्या पायरीवर पिंड ठेवलेला. आम्ही पंधरा-वीस माणसं दहा पावलं मागं सरून हात जोडून उभी. उंबराच्या झाडावर अकरा काळे ठिपके, आणि एकाचाही आवाज नाही. एवढे कावळे गप्प बसल्यावर कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. नदीचं पाणीसुद्धा हळू बोलतंय असं वाटत होतं.

दत्तूकाकांचा दहावा होता. दत्तात्रय पुकाळे, आमच्या गल्लीतले टेलर. डावा पाय लहानपणापासून अधू, चालताना फेंगडत चालायचे. एका पायावर मशीन मारत त्यांनी चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

"बोला, कुणाचं काय राहिलं असेल तर बोला," भटजी म्हणले. "जीव कशाततरी अडकलाय."

शेजारचा भरमू कुंभार पुढं झाला. पिंडाजवळ वाकून म्हणला, "दत्तूदा, माझी प्यांट तुझ्याकडं तशीच राहिलीय. राहू दे. मी मागत न्हाई. ये आता."

दोघंतिघं हसली आणि लगेच गप्प झाली. कावळे हलले नाहीत.

मग शालनकाकू. त्यांची बायको. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता पोटात. "अहो, या की," एवढंच म्हणली. एखाद्याला दुकानातून जेवायला हाक मारावी तसं. मागं सरताना तोल गेला, तिच्या मुलीनं धरलं.

"बारा वाजत आले," भटजी म्हणले. "दर्भाचा कावळा करू आणि लावू. तशी सोय आहे."

"नको," काकू म्हणली. "गवताचा कावळा लावून घालवू नका त्यांना. त्यांनी कुणाच्या शर्टाला कधी कच्चं बटण लावलं नाही."

ऊन वर चढत होतं. लोक एकमेकांकडं बघत होते. तेवढ्यात काकांचा धाकटा भाऊ, सदाअण्णा, माझ्या कानाशी आला.

"ऋतू, तू जादूगार न्हवं का? कबुतर काढतोस, नोटा काढतोस. एक कावळा काढ की."

चेष्टा होती का ते मला आजही सांगता येत नाही. डोळे लाल होते त्याचे.

मी म्हणलो, "बघतो."

हे "बघतो" म्हणजे माझा सगळा रोग आहे. आधी तो सांगतो.

मी जादू शिकलो मोबाईलवर बघून. गुरू नाही, क्लास नाही. आरसा आणि फुकटचा वेळ. पहिली जादू जमली ती दोऱ्याची. हातभर दोरा घ्यायचा, तोडायचा, परत तोडायचा, बारीक बारीक तुकडे, त्यांची गोळी करायची, आणि मग दोन्ही टोकं धरून सावकाश ओढायची. दोरा अख्खा. बस एवढंच. आवाज नाही, धूर नाही. पण ओढताना तो गोळीतून जसा उलगडत येतो ना, ते बघताना माझ्याच अंगावर काटा यायचा. मी करत असून.

त्यासाठी दोरा दत्तूकाकांनी दिला. काजाचा काळा. अख्खं रीळ. "बारीक आहे पण तुटायला कडू आहे, नख लावून तोड," म्हणले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मशीनवरनं चष्मा वर करायचे आणि म्हणायचे, "दाखव. हळू." मी दाखवायचो. "परत. अजून हळू." पकडायचा प्रयत्न करायचे असं मला वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणले, "अरे पकडायचं काय त्यात? बरं वाटतं बघायला. तुटलेलं जोडताना चाळीस वर्षं गेली माझी, असं एकदाही जोडलं नाही."

मग मी कार्यक्रम करायला लागलो. वाढदिवस, बारशी, गणपती. पहिल्याच वाढदिवसात दोरा काढला तर मागनं कोणतरी ओरडलं, "अय, रफू करायला आलायस का? कबुतर काढ!" सगळे हसले. मी पण हसलो. पुढच्या वेळी कबुतर काढलं. मग कोण म्हणलं नोटा काढ, नोटा काढल्या. कोण म्हणलं जावयाच्या खिशातनं साडी काढ, ती काढली. माझ्या तोंडातून "नको" हा शब्द कधी नीट निघालाच नाही. समोरच्याचं तोंड पडलं की मला बघवायचं नाही. ते तोंड परत वर येईपर्यंत मी काहीही करायचो.

दोऱ्याची जादू कार्यक्रमात बंद झाली. घरी आरशासमोर तेवढी करायचो, ती पण कमी कमी.

काकांना कळलं होतं. जायच्या आठवडाभर आधी म्हणले, "तू आधी हाताकडं बघून करायचास. आता लोकांच्या तोंडाकडं बघून करतोस. एकदा बसून नीट दाखव मला दोरा. घाईचा नको."

"उद्या दाखवतो," म्हणलो. एका बारशाला जायचं होतं.

तर घाटावर मी पिंडाजवळ गेलो. हात जोडून वाकलो. सगळ्यांना दिसलं असेल की पोरगा नमस्कार करतोय. काजाचा लांब दोरा शर्टाच्या खिशात कायम असायचा. त्याचा फास करून मी पिंडाच्या वरच्या भागावर सोडला. भात ओला होता, दोरा चिकटून बसला. काळे तीळ होतेच, त्यात काळा दोरा कोणाला दिसणार? दुसरं टोक अंगठ्याला गुंडाळलं आणि हात जोडल्याजोडल्याच मागं आलो.

मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगतो. काकूचं तोंड मला बघवत नव्हतं एवढंच. दोन मिनिटांत सगळे सुटतील, जेवतील, घरी जातील. कोणाचं काय जातंय?

आता फक्त वेळ पाहिजे होती. जादूत सगळं त्यावर असतं. लोकांनी अर्धा सेकंद दुसरीकडं बघायला पाहिजे.

आणि सदाअण्णा एकदम मोठ्यानं बोलला.

"दादा! तुझा जीव पणूत अडकलाय, मला कळतंय! पोरीला मी परत नांदायला पाठवतो! तिचा संसार मी लावून देतो! ऐकतोयस का? ये आता!"

सगळ्यांच्या माना पणूताईकडं वळल्या.

पणूताई म्हणजे प्रणिता, काकांची एकुलती एक. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. निपाणीकडं दिली होती, स्थळ सदाअण्णानंच आणलेलं. दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नव्हती. तिच्या डाव्या हातावर कोपराखाली इस्त्रीच्या टोकाचा डाग होता, तिकोनी. गल्लीत सांगताना "चुकून लागली" असं सांगितलेलं. टेलरच्या पोरीला इस्त्री चुकून लागते? काका दुकानात मला एकदाच म्हणले होते, "पणू जायची नाही. कोण का येईना न्यायला."

हे सगळं मला माहीत होतं. पण त्या क्षणी अण्णाच्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात गेलाच नाही. मला फक्त माना वळलेल्या दिसल्या. पंधरा-वीस माना, एकाच बाजूला. अशी वेळ जन्मात एकदा मिळते.

मी अंगठा ओढला. पायानं शेजारची पितळी बादली कलंडवली. ठण्ण आवाज झाला आणि अकराच्या अकरा कावळे एकदम उडाले. सावल्या आमच्या अंगावरनं गेल्या.

लोकांनी परत बघितलं तेव्हा पिंडाचा वरचा भाग खाली पडला होता.

"शिवला!" भटजी ओरडले. "शिवला, शिवला!"

काकू मटकन खाली बसली आणि रडायला लागली, दहा दिवस धरून ठेवलेलं. भरमूनं तांब्या तिच्या तोंडाला लावला. सदाअण्णानं मला कडकडून मिठी मारली आणि म्हणला, "बघितलास? लंगडत आला. डाव्या पायानं. दादाच होता."

"व्हय, लंगडतच आला," भरमू म्हणला. "उजव्या बाजूनं. दोनदा चोच मारली."

"दोनदा," भटजी म्हणले.

मला आतून हसू आलं. प्रेक्षक असंच करतात. जे झालं नाही ते बघितल्याचं शपथेवर सांगतात. आम्ही त्यावरच जगतो. मग आणखी दोन बायका लंगडत आल्याचं बोलल्या, त्या तर पार दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. मग काकूनं डोळे पुसत विचारलं, "डावाच पाय ना?" आणि चारजण एकदम "डावा" म्हणले.

माझं हसू गेलं.

कारण मी स्वतः बघितलंच नव्हतं. जादूचा नियम आहे, लोकांनी जिकडं बघायला पाहिजे तिकडं आधी जादूगारानं बघायचं. मी पण पणूताईकडंच बघत होतो. पिंड पडताना त्याच्यावर माझी नजर नव्हती.

मुठीत दोरा गोळा झाला होता. त्याला भाताची दोन शितं आणि तीळ चिकटले होते.

त्या दिवशी संध्याकाळी आरशासमोर बसलो. दोरा तोडला, तुकडे केले, गोळी केली, ओढली.

तुकडेच आले.

परत केलं. परत तुकडे. हजारदा केलेली जादू, झोपेत जमेल अशी. बोटं माझीच होती पण कोणीतरी उलटी लावल्यासारखी. नखात काहीतरी टोचत होतं म्हणून बघितलं तर तीळ. अंगठ्याच्या नखाखाली, एक. साबणानं धुतलं, पिनेनं काढला. सकाळी उठलो तर तिथंच एक. तोच का दुसरा, देव जाणे.

"पत्र्यावर एक कावळा बसलाय कालपासून," आई म्हणली. "ओरडत नाही, काय नाही. त्याला चपाती टाक जरा."

मी बाहेर आलो. बसला होता. चपाती टाकली. त्यानं चपातीकडं बघितलंच नाही. माझ्या हाताकडं बघत होता. तोंडाकडं नाही, हाताकडं. मग पत्र्यावरनं पुढं सरकला, एक पाय ओढत. नखं पत्र्यावर घासत गेली त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

कावळे लंगडे असतात. तारेत अडकतात, दगड लागतो. असं मी स्वतःला दिवसभर सांगितलं.

बाराव्या दिवशी पलीकडच्या आळीत बारसं होतं. कबुतर काढलं, टाळ्या झाल्या. मला त्या लांबून, कुणाच्यातरी घरातल्या टीव्हीतनं आल्यासारख्या वाटल्या. एक आजोबा पुढं बसले होते. म्हणले, "काय रं, टेलरच्या दहाव्याला लंगडा कावळा आला म्हणं. तू हुतास न्हवं?"

सगळी आळी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. पाळण्याची दोरी धरलेली बाईसुद्धा.

"होतो की," मी म्हणलो. "मी पण बघितला. लंगडतच आला."

काय जरूर होती? कोणी गळा धरला होता? पण त्यांना ते ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर त्यांची तोंडं अशी उजळली की कबुतराला पण तेवढी उजळली नव्हती. आजोबांनी तर हात जोडले.

परत येताना काकांच्या दुकानाचं अर्धं शटर उघडं दिसलं. आत पणूताई मशीनवर कापड घालत होती. मला बघून म्हणली, "ये, जादूगार. बस."

मी स्टुलावर बसलो. काका नसलेलं दुकान. पण वास तोच, नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा.

"उद्या तेराव्याला निपाणीची जीप येतीय," ती म्हणली. "तो आणि त्याची आई. जेवण झालं की मला घेऊन जाणार."

"काकू हो म्हणली?"

"आई म्हणली, तुझ्या बाबांनीच शिवून सांगितलंय, आता मी कोण? दहा दिवस अण्णाशी भांडत होती ती माझ्यासाठी. आता भांडत नाही. रात्री माझ्या हातावर तूप लावत बसली नुसती."

तोपर्यंत, खरंच सांगतो, मी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्याच नव्हत्या. एक माझी जादू होती. एक अण्णाचं वाक्य होतं.

"पणूताई..."

"सगळे माझ्याकडं बघत होते," ती म्हणली. "तू पण. मग मी कुठं बघणार रे? मी पिंडाकडं बघत होते."

मशीनवरच्या कापडाची घडी तिनं सरळ केली.

"बाबांचाच दोरा होता. काजाचा. मी ओळखला."

"मग तिथंच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू? नांदायचं नाही म्हणून बापाच्या पिंडावर आळ घेतीय, असंच म्हणले असते. कोण ऐकणार माझं?" तिनं माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं तू सांगशील. आज सांगेल, उद्या सांगेल. आत्ता बारशातनं आमची शेजारीण आली. म्हणली, ऋतूनं पण बघितला, लंगडतच आला."

मी खाली बघितलं. नखाखाली तीळ होता.

"कावळा होता का गं?" मी विचारलं. "खरंच आला होता का कोण? तू बघत होतीस."

"दोरा होता," ती म्हणली. "ऊठ आता, शटर लावायचंय."

तेराव्याला मी जाणार नव्हतो. पण सदाअण्णाचा फोन आला, "ये की रे, दादाचा लाडका तू." म्हणलो, येतो.

अंगणात मांडव. पुरणपोळी, कटाची आमटी, भात. जीप दारात उभी, मागचं दार उघडं, आत पणूताईची निळी बॅग आधीच ठेवलेली. तिचा नवरा चांगला दिसणारा माणूस होता, हे मला फार विचित्र वाटलं. हसून बोलत होता सगळ्यांशी. सासू म्हणत होती, "जाऊ दे वो, भांड्याला भांडं लागतंय. झालं गेलं गंगेला मिळालं."

जेवणं झाली. सदाअण्णा उठला. सुतक संपलं होतं, पोरगी मार्गाला लागत होती, भाऊ शांत झाला होता. त्याचं तोंड किती मोकळं होतं! "ऋतू, दाखव कायतरी. दादाला तुझी जादू आवडायची. पाहुण्यांना बी बघू दे. तेवढंच दुःख हलकं."

सगळे बघायला लागले. काय हवंय ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कबुतर. नाहीतर नोट. हसू यावं असं कायतरी.

"बघतो," मी म्हणलो.

मी मधे बसलो. एक वाटी पालथी घातली. परातीतला भात घेतला, मुठीत दाबून गोळा केला आणि वाटीवर ठेवला. खिशातनं रीळ काढलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाच्याच तोंडाकडं बघितलं नाही. हाताकडं बघितलं.

दोरा उलगडला. फास केला. सगळ्यांना दिसेल असा वर धरला. गोळ्यावर सोडला. दुसरं टोक अंगठ्याला गुंडाळलं. एक वेढा, दोन, तीन. उठलो, दहा पावलं मागं गेलो. माणसं बाजूला झाली.

ओढलं.

गोळ्याचा वरचा भाग वाटीवरनं खाली पडला. कापलेला, सरळ.

"आँ?" भरमू म्हणला. "ह्यात काय जादू?"

कोणाला कळलं नाही. कोणीतरी हसलं पण. मग काकूचा आवाज आला. ती सैपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती.

"परत दाखव," ती म्हणली. "हळू."

मी परत वाटीपाशी गेलो. भात दाबला. फास सोडला. एवढ्या हळू मी आयुष्यात काही केलं नव्हतं. ओढताना दोरा भातात शिरताना दिसत होता.

"घाटावर हेच केलं मी," मी म्हणलो. "कावळा नव्हता, काकू. बादली पण मीच पाडली. काकांनी काय सांगितलं नाही. सगळे पणूताईकडं बघत होते म्हणून मी ओढला, बस. दुसरं कारण नाही."

सदाअण्णा चालत आला आणि कानाखाली दिली. कान सुन्न झाला. दुसरी द्यायला हात उचलला आणि तसाच राहिला.

"मी बघितला त्याला," तो म्हणला. तोंड लहान पोरासारखं झालं होतं. "लंगडत आला. माझं ऐकून आला रे तो. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकून आला."

त्याचं मला आजही वाईट वाटतं. थोबाडीपेक्षा त्या वाक्याचं.

मग एकच गोंधळ. भटजी काय म्हणत होते, सासू काय म्हणत होती, नवरा हसायचा थांबला होता. "भोंदू," कोणीतरी म्हणलं. "पिंडाशी खेळतोयस भडव्या!" भरमूनं माझी कॉलर धरली. आणि ह्या सगळ्यातनं काकू सरळ चालत जीपपर्यंत गेली, आत वाकली आणि ती निळी बॅग उचलून घरात घेऊन गेली. पणूताईच्या समोरनं जाताना फक्त तिचा डावा हात धरला आणि आत नेलं.

सहा वर्षं झाली. गावात मला कार्यक्रमाला कोणी बोलावत नाही, बरोबर आहे त्यांचं. मी सांगलीला मोबाईल दुरुस्त करतो. पणूताई दुकान चालवते, ब्लाऊज शिवते. पाटी अजून काकांच्याच नावाची आहे. मी गावी गेलो की स्टुलावर बसतो. ती चष्मा वर करते आणि म्हणते, "दाखव." दोरा परत जमायला लागलाय. रोज नाही. पण जमतो.

एक सांगायचं राहिलं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी भरमूनं मला ढकलत परसात आणून सोडलं. "परत दिसू नको," म्हणला आणि गेला. आत आरडाओरडा चालू होता. मी भिंतीला टेकून बसलो. थोड्या वेळानं मागच्या दारानं पणूताई आली, पाण्याचा तांब्या घेऊन. माझ्या हातात दिला.

समोर चिंचेखाली पत्रावळ ठेवलेली होती, सकाळी कावळ्यासाठी काढलेली. पुरणपोळी, भात, तशीच. कोणी शिवलं नव्हतं.

आधी परसातल्या पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज आला. मला बघायची गरज नव्हती.

तो खाली उतरला. डावा पाय ओढत ओढत पत्रावळीपाशी आला. थांबला. माझ्या हातांकडं बघितलं. ह्या वेळी माझे हात मोकळे होते, तांब्याला धरलेले, त्यात दोरा नव्हता, काही नव्हतं. मग त्यानं मान खाली घातली आणि भाताला चोच मारली.

दोनदा.

पणूताईनं माझा दंड घट्ट धरला होता. इस्त्रीचा डाग माझ्या हाताला लागत होता. आतनं सदाअण्णाच्या रडण्याचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तर सगळे बाहेर आले असते.

कावळा उडाला. नदीच्या बाजूला गेला.

"सांगायचं का आत?" पणूताई कुजबुजली.

"नको," मी म्हणलो.